चालत आलेली गिरणी

मी जन्मभर तेलात हात घालून पोट भरलं. बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी फिटर होतो आणि आमच्याकडं हायड्रॉलिकचं काम चालायचं. हायड्रॉलिक म्हणजे काय ते आमच्या सौभाग्यवतींना तीस वर्षांत समजावता आलं नाही, पण तुम्हाला सांगून बघतो. रंगपंचमीची पिचकारी असते ना, ती लोखंडाची करायची. तिच्या तोंडातून आत तेल कोंबायचं, म्हणजे दट्ट्या बाहेर सरकतो. तेल पुरेसं जोरात कोंबलं तर त्या दट्ट्यावर उभा असलेला ट्रकही वर जातो. झालं हायड्रॉलिक. उरलेलं सगळं काम म्हणजे तेल कुठून गळतंय ते शोधत बसणं, आणि त्यातच माझी हयात गेली.

परवा नातीनं मोबाइलवर चार पायांचा एक रोबो दाखवला. पाठीवर ओझं घेऊन दगडधोंड्यांतून डोंगर चढत होता. नात म्हणाली, "आजोबा, बघा तरी, कसला भारी आहे!" मी म्हणालो, "आमच्या बैलाचा गुडघा याच्यापेक्षा जाड होता." तिला वाटलं, आजोबांची गाडी नेहमीसारखी रुळावरून घसरली. म्हणून हे लिहायला बसलोय. उद्यमबागेत ऐंशीच्या आसपास आम्ही असला एक बैल बनवला होता आणि तो चालला होता. डोंगरात एकदाच, पण चालला होता.

आधी आमच्या मालकांबद्दल सांगितलं पाहिजे. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. उंच, किडकिडीत, खिशाला पाच पेन्सिली. माणूस लोण्यासारखा, पण एक शब्द ऐकला की पेटायचा. तो शब्द म्हणजे 'चालतंय'. आमच्या भागात हा शब्द कशातही पडतो. जेवण कसं झालंय, चालतंय. तब्येत कशी आहे, चालतंय. पोरगी पसंत आहे का, चालतंय. एकदा मी एका सिलिंडरचं सील जरा तिरकं बसवलं आणि म्हणालो, "चालतंय अण्णा." अण्णांनी हातातला पाना खाली ठेवला.

"चालतंय म्हंजे काय रं? जनावर चालतंय, माणूस चालतंय. सील बरोबर बसतंय न्हाईतर बसत न्हाय. ह्या छपराखाली तो शब्द परत काढायचा न्हाय."

त्या दिवसापासून कारखान्यात तो शब्द बंद झाला. कुणी चुकून काढलाच तर बाकीचे खोकायचे.

बैलाचं वेड अण्णांच्या डोक्यात शिरलं ते कणकुंबीच्या रानात. तिकडं एका कामावर आमचे जॅक पोचवायचे होते. ट्रक अर्ध्या वाटेत थांबला, कारण पुढं वाटच नव्हती. मग आठ माणसांनी बांबूला बांधून एकेक जॅक वर नेला. अण्णा त्यांच्या मागून चालत गेले. एका गड्याचा पाय घसरला, जॅक त्याच्या पोटरीला घासून गेला. थोडक्यात निभावलं. अण्णा परत आले ते आठवडाभर जुनी मासिकं चाळत बसले. मग एक दिवस परदेशी मासिकातलं एक चित्र घेऊन माझ्याकडं आले. चित्रात चार पायांचं एक अगडबंब यंत्र होतं आणि त्यात एक गोरा माणूस बसला होता.

"पांडबा, चाकाला रस्ता लागतोय. पायाला कुठं लागतोय?"

मी म्हणालो, "अण्णा, पण हे चालवायला आत माणूस बसवलाय."

"आपला बिनमाणसाचा करायचा. पाय कवा उचलायचा ते त्याचं त्याला कळाय पाहिजे. माणसानं नुसतं संगं चालायचं, बैलासंगं चालतोय तसं."

आता मुद्दा असा की दोन पाय तर माझ्याकडंही होते, पण मी ते कसे उचलतो याचा कधी विचार केला नव्हता. अण्णांनी मला कारखान्यात रांगायला लावलं. मी रांगतोय, अण्णा वहीत टिपतायत, आणि वेल्डिंगवाले काम टाकून पोट धरून हसतायत. मग रविवारी मी घरी माझ्या थोरलीला रांगताना बघत बसलो. आता मोबाइल दाखवणाऱ्या नातीची ती आई. बायको म्हणाली, "पोरीकडं असं कधी बघत बसला न्हाईसा. आज काय झालंय?" पण पोरगी फार घाईची, एकदम दोन दोन उचलायची. लोखंडाला ते झेपणारं नव्हतं.

शेवटी आम्ही हिंडलग्याला ईरप्पाकडं गेलो. ईरप्पा म्हणजे गाडीवान. त्याच्या बैलजोडीचं नाव होतं पंचक्रोशीत. तो घरात कन्नड बोलायचा, बाजारात मराठी, आणि बैलांशी दोन्ही. आम्ही त्याच्या गोठ्यापुढं दोन दिवस बसलो, तेव्हा तो वैतागला.

"बैल इकत घ्यायचाय का नुसता बघायचाय?"

अण्णांनी त्याला चित्र दाखवलं. ईरप्पानं ते उलटंसुलटं करून बघितलं, मग काही न बोलता एक बैल चिखलात घातला आणि हळूहळू चालवला. बैल एकेक पाय उचलत गेला आणि ईरप्पा काठीनं दाखवत मोजत गेला, "बल, बल. एड, एड." मागचा उजवा, पुढचा उजवा, मग मागचा डावा, पुढचा डावा. कन्नडमध्ये बल म्हणजे उजवा आणि एड म्हणजे डावा. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. तुम्हीही लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्यातली गोम अशी. तिपाई कधी डुगडुगत नाही, जमीन कशीही असो. चिखलातला बैल दरवेळी एकच पाय उचलतो आणि उरलेल्या तीन पायांची तिपाई करून उभा राहतो. ओझ्याचा भार त्या तीन पायांच्या मध्ये राहिला तर तो पडूच शकत नाही. म्हणजे आम्हाला बैलाची ताकद नको होती, त्याचा क्रम हवा होता. तो क्रम यंत्राच्या डोक्यात घालायचा कसा, यावर अण्णा महिनाभर अडले. आणि तिथं माझा जन्म कामाला आला.

आमचं घर वडगावचं, साड्या विणणारं. आमच्या आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागावर डॉबी होती. साडीच्या काठाला नक्षी काढायची तर कुठले धागे केव्हा वर उचलायचे हे मागाला सांगावं लागतं. त्यासाठी लाकडी पट्ट्यांची एक माळ असते. ती फिरत राहते. पट्टीत जिथं खुंटी मारलीय तिथले धागे वर जातात, जिथं नाही तिथले खाली राहतात. मी लहानपणापासून त्या खुंट्या मारत आलो होतो. एका दुपारी आप्पांना डबा द्यायला गेलो, माळ फिरताना बघितली आणि डबा तसाच हातात घेऊन पळत कारखान्यात आलो. धाग्यांच्या जागी पाय समजायचे. खुंटी आली की तेलाचा कॉक उघडेल, पिचकारी सरकेल, पाय उचलला जाईल. आप्पांनी जुनी डॉबी काढून दिली आणि म्हणाले, "लोक मागावर साड्या विणत्यात. तू चालणं विणायला लागलास व्हय रं?" आणि जेवणाचा डबा कुठाय म्हणून विचारलं. तो अण्णांनी खाल्ला होता.

वर्षभरात बैल उभा राहिला. मधोमध शेतातल्या पंपाचं डिझेल इंजिन, चार ओतीव पाय, आठ सिलिंडर, पाठीवर ओझ्याची चौकट आणि कपाळाच्या जागी वडगावची डॉबी. माणसासाठी मागं दोन दांडे: एक वळायचा, एक जोराचा. पहिल्या चाचणीला सगळा कारखाना जमला. अण्णांनी नारळ फोडला, मी इंजिन चालू केलं. बैलानं मागचा उजवा पाय उचलला. टाळ्या पडल्या. मग त्यानं पुढचा उजवाही उचलला, मागचा खाली न ठेवताच, आणि डबक्यात म्हैस बसते तसा सावकाश उजव्या कुशीवर निजला. मी एक पट्टी उलटी बसवली होती. कुणाला हसावं की पळावं कळेना. अण्णा त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "चाल अजून शिकला न्हाय. पण झोपतोय मात्र बरोबर."

पट्टी सुलटी केल्यावर तो चालायला लागला. सावकाश, कुरकुरत, तेल टिपकत, पण एकदाही न पडता. बातमी पसरली तसे बघे यायला लागले. निपाणीहून तंबाखूचे एक मोठे शेतकरी आले, फेटा बांधून, कडक इस्त्रीत. पावसाळी वाटेनं तंबाखूचे बोजे आणायला बैल हवा होता त्यांना. ते वाकून बैलाच्या पुढ्यात बघायला लागले. मी विचारलं, "पाव्हणं, काय शोधताय?" म्हणाले, "दात." मी त्यांना गिअरचे दात दाखवले. ते बघून पाव्हणे खूश झाले. पाठीवर थाप मारली, गुडघे चाचपले, आणि शेवटी विचारलं, "शेण किती देतोय?"

अण्णा म्हणाले, "शेण न्हाय देत."

"मग शेताला ह्याचा उपेग काय?" असं म्हणून पाव्हणे निघून गेले. अण्णांना राग आला नाही. म्हणाले, "प्रश्न बरोबर हाय त्यांचा."

खरं गिऱ्हाईक वेगळं होतं. रानातून खांब आणि तारा ओढणाऱ्या एका खात्याच्या साहेबांनी सांगितलं होतं की बैल खऱ्या डोंगरात ओझं घेऊन चालला तर ते जांबोटीला येऊन बघतील, आणि पटलं तर आणखी बनवायला सांगतील. म्हणून आम्ही आधी गुपचूप सराव करायला वाट शोधत कणकुंबीला गेलो. तिथं वाटेच्या तोंडाशी डोक्यावर नाचणीचं गाठोडं घेतलेली एक बाई दम खात बसली होती. साठीच्या आसपासची, ताठ. तिचं नाव सुंदराआक्का. वरच्या वाडीतनं दोन तास उतरून ती दळायला आली होती आणि पीठ घेऊन अडीच तास चढणार होती. पावसाळ्यात ओढा आडवा आला की तेही बंद. मग जात्यावर हात सोलवटायचे.

अण्णांनी तिला वाट कशी आहे ते विचारलं आणि यंत्राचं सांगितलं.

"पाठीवर काय घालणार म्हणता?" आक्कानं विचारलं.

"सरावाला दगडांची पोती."

"दगडंच वाहायची हायत न्हवं? मग आमच्या गिरणीची वाहा."

वाडीनं वर्गणी काढून गिरणी आणली होती. बिडाचा सांगाडा आणि दोन दगड. दोन वर्षं ती कणकुंबीत एका पडवीत पडून होती, कारण बांबूला बांधून वर नेताना एकाच्या पावलाचं हाड मोडलं आणि पुन्हा कुणी धजावलं नाही. इंजिन एका योजनेतनं मिळणार होतं. गिरणी आधी वर न्या, इंजिन मागनं येतंय, असं कुठल्याशा साहेबांनी सांगितलं होतं. आक्का ते सांगताना हसली. "येतंय म्हणत्यात. ऐकून ऐकून माझं केस पांढरं झालं."

अण्णांनी तिथंच ठरवलं. पंधरा दिवसांत मृग लागणार होता. पाऊस सुरू झाला की ओढा भरेल आणि वाडी चार महिने तुटेल. त्याआधी गिरणी वर न्यायची, आणि पुढच्या आठवड्यात बैल जांबोटीला साहेबांपुढं उभा करायचा. अण्णांची तीन वर्षं त्या एका आठवड्यावर होती आणि आक्काचा पावसाळा त्या एका खेपेवर.

ईरप्पाला बरोबर घेतला, कारण खूर कुठं ठेवावा हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. बैल ट्रकमधून कणकुंबीला उतरवला, गिरणी पाठीवर आवळली आणि पहाटे निघालो. पुढं ईरप्पा काठी घेऊन, मध्ये बैल, मागं दांड्यांवर मी, आणि माझ्यामागं अण्णा. ईरप्पा पाठमोरा चालायचा आणि वाट सांगायचा. इंजिनाच्या खडखडाटात त्याचं अर्धंच ऐकू यायचं. खडकाच्या पायऱ्यांवर बैल असा चढला की मला रडूच आलं. एक पाय उचल, ठेव, थरथर, मग दुसरा. ईरप्पा सवयीनं जीभ टाळ्याला लावून त्याला चुचकारायचा आणि मग स्वतःशीच हसायचा. ओढ्यात तेलाची एक होज, म्हणजे रबरी नळी, फुटली, माझा सदरा तेलानं माखला, ती बदलली. रात्री वाटेतच मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीची घरं दिसायला लागली. माणसं बांधावर येऊन उभी राहिली होती. एक म्हातारी आरतीचं ताट घेऊन आली होती, पण ओवाळायचं तोंड कुठलं ते तिला समजेना.

शेवटचा टप्पा आक्काच्या खाचराच्या बांधावरचा होता. तिथं वाट फुटते. सरळ गेलं तर बांध वळवाच्या पावसानं भुसभुशीत झालेला, आणि उजवीकडं देवळाच्या पटांगणाकडं जाणारी पक्की वाट. ईरप्पा ओरडला, "बल! बल!"

मी काय ऐकलं सांगू? मी ऐकलं, बळ. बळ! आमच्या कारखान्यात जड काही ढकलताना सगळे हेच ओरडायचे, "बळ लावा! बळ!" दोन दिवस चढ चढून माझ्या अंगात तेच भिनलं होतं. माणसं ओरडतायत, टाळ्या वाजतायत, आणि मी जोराचा दांडा पुढं लोटला. पूर्ण.

ईरप्पा वळून किंचाळला, "निल्लो! निल्लो!" हे थांब म्हणून. तेवढं मला बरोबर कळलं, पण उशीर झाला होता. बांध ढासळला. बैल कमरेइतकं खाली खाचरात उतरला आणि पुढच्या डाव्या पायाचा गुडघा कडाड्कन तुटला. नशीब, तिपाई कामाला आली. तीन पायांवर तो तसाच उभा राहिला. गिरणी पाठीवर शाबूत आणि इंजिन खडखडत चालू.

अण्णा धावत आले. "काय झालं?"

ईरप्पानं तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बांध ढिसूळ हुता, अण्णा. माजं लक्ष न्हवतं."

मी गप्प राहिलो. मला वाटलं, बोलेन थोड्या वेळानं. त्या वेळी जीभ उचलली नाही, आणि ती गोष्ट पुढं मला फार वर्षं टोचत राहिली.

अण्णा तुटलेल्या गुडघ्यापाशी बसले. ओतीव काम, जागेवर दुरुस्त होणारं नव्हतं. इंजिन आणि डॉबी काढून खाली नेली, नवा पाय ओतला, रात्रंदिवस केलं, तर पावसाआधी नाही पण पावसाळ्यानंतर बैल पुन्हा उभा राहिला असता. साहेबांना पुढची वेळ मागता आली असती. अण्णा बोटांवर हेच मोजत होते, मला दिसत होतं. तेवढ्यात सुंदराआक्का खाचरात उतरली. तिनं गिरणीवरून हात फिरवला, मग इंजिनाकडं बघितलं. ते अजून चालूच होतं.

"अण्णा, पाय मोडला ते दिसतंय मला. पण ह्याचं इंजान चालतंय न्हवं?"

अण्णांनी वर बघितलं. आक्काच्या मागं वाडीतल्या बायका उभ्या होत्या, त्यांच्या डोक्यावर काही नव्हतं आणि हात कुठं ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं. मी त्यांच्याबरोबर वीस वर्षं काम केलं, पण होकार म्हणून त्यांच्या तोंडून तो शब्द एकदाच ऐकला.

"चालतंय, आक्का," ते म्हणाले. "चालतंय."

कारखान्यातलं कुणी तिथं असतं तर खोकलं असतं. मला खोकता आलं नाही.

मग आम्ही आमचा खरा धंदा केला. बरोबर आणलेले जॅक लावून बैलाला समतल उचललं आणि तुटक्या पायाच्या जागी गड्यांनी जांभ्या दगडाचा खांब रचला. गिरणी त्याच्या शेजारी पक्की केली, इंजिनावरनं पट्टा घातला. सिलिंडरांतलं तेल काढून घेतलं, कारण आता चालायचं काही राहिलं नव्हतं. आक्कानं खाचराचा तो कोपरा देऊन टाकला, चार दिवसांत वर कौलं चढली, आणि मृगाच्या आत वाडीत पहिली नाचणी दळली. पीठ पडायला लागलं तेव्हा आक्कानं पहिली मूठ घेऊन डॉबीवर वाहिली. तिच्या मते तो बैलाचा चेहरा होता.

अण्णा परत आले आणि त्यांनी बैलाचा नाद सोडला. साहेबांना पत्र लिहून नाही म्हणून कळवलं. नकाशे गुंडाळून माळ्यावर गेले, आम्ही पुन्हा जॅक बनवायला लागलो. लोक थोडे दिवस हसले, मग विसरले. योजनेतलं इंजिन वाडीत कधीच पोचलं नाही हे मला नंतर कळलं. मी ईरप्पाला एकदा गाठून म्हणालो, "चूक माझी होती, तू का अंगावर घेतलीस?" तो बैलांना पाणी पाजत होता. "फुडं मी हुतो. फुडच्यानं बघाय पाहिजे," म्हणाला, आणि विषय संपवला. अण्णांना मात्र सांगायचं राहून गेलं. एक दिवस गेला, मग महिना गेला, मग सांगायला फारच उशीर झाल्यासारखं वाटायला लागलं.

पाच-सहा वर्षांनी कामासाठी कणकुंबीला गेलो तेव्हा वाडीत चढून गेलो. गिरणीचा पुक पुक आवाज ओढ्यापासनंच येत होता. छपरात बैल उभा, तीन पाय लोखंडाचे, एक दगडाचा. गेल्या बेंदराला कुणीतरी त्याला गेरू फासून डॉबीवर दोन शिंगं रंगवली होती. दळायला आलेल्या एका सासुरवाशिणीला मी विचारलं, "हे काय गं?" ती म्हणाली, "ही व्हय? ही चालत आलेली गिरणी." जशी काय बाकीच्या गिरण्या बसनं येतात. सुंदराआक्का आता काठी टेकून चालत होती. तिनं अण्णांसाठी नाचणीच्या पिठाचं पुरचुंडं बांधून दिलं.

मी ते अण्णांच्या टेबलावर ठेवलं आणि कुठलं ते सांगितलं. अण्णा बराच वेळ त्याला हात लावेनात. मग गाठ सोडली, चिमूटभर पीठ घेतलं आणि घासलेल्या लोखंडाची चकाकी तपासतात तसं ते अंगठ्यानं चुरून बघितलं.

"जाड पडतंय," म्हणाले.

"चालतंय अण्णा," माझ्या तोंडून गेलं.

मागं तिघे जण एकदम खोकले. अण्णांनी पुरचुंडं खाली ठेवलं. त्यांचे डोळे कितीतरी वर्षांनी तसे पेटलेले मी बघितले.

"काय म्हणालास? भाकरी थापताना चिरत असंल बायकांची, आणि म्हणे चालतंय! दगडांना टाकी कुणी लावलीया का एवढ्या वर्षांत? पट्टा कोण ताणतंय? बघून आलास का तसाच आलास? सकाळची कणकुंबीची गाडी किती वाजता हाय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चढायला लागलो. दगडाला खाचा पाडायची टाकी, हातोडा, नवा पट्टा, आणि अण्णांच्या खिशात पाच पेन्सिली. वय झालं होतं, पण ते पुढं आणि मी मागं. ओढा ओलांडला तसा वरनं आवाज यायला लागला आणि अण्णांची चाल वाढली. मी मागं मनात वाक्य जुळवत होतो. 'अण्णा, त्या दिवशी...' एवढं जुळायचं आणि पुढचं सांडायचं.

खाचराच्या बांधावर वाट फुटते तिथं अण्णा थांबले. बांध आता दगडानं बांधून काढला होता, गवत वाढलं होतं, दोन्ही वाटा सारख्याच दिसत होत्या आणि दोन्हीकडनं गिरणी गाठता येत होती. पाठमोरे उभे राहूनच त्यांनी विचारलं, "आता कुठं रं, पांडबा?"

मी म्हणालो, "बल, अण्णा. बल."

अण्णा उजवीकडं वळले. दहा पावलं गेल्यावर मागं न बघताच म्हणाले, "येतंय की रं तुला कन्नड!"